आधी श्वास, मग केसपेपर

नर्सिंगच्या कुठल्याही विद्यार्थिनीला झोपेतून उठवून विचारा, क्रम बिनचूक सांगेल: आधी श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण. परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो. चार रुग्ण आहेत. एकाला ताप आहे, एकीचे टाके दुखताहेत, एकाची सलाईन संपत आलीये आणि एक जण धाप लागून उठून बसलाय. आधी कोणाकडे जाल? उत्तर सगळ्यांना येतं. तीच मुलगी वॉर्डात रुजू झाली की तिची शिफ्ट मात्र भलत्याच क्रमाने चालू लागते. औषधांची वेळ, राउंडची तयारी, तपासणीचे नमुने, डिस्चार्जचे कागद, आणि उरलेल्या वेळात चार्ट. श्वास हा त्या चार्टमधला एक रकाना. तो बहुतेक वेळा मोजला जात नाही, नुसता लिहिला जातो.

यात तिच्या अभ्यासाचा दोष नाही. क्रम ठाऊक असणं आणि त्या क्रमाने हात चालवता येणं यात फार अंतर आहे, आणि ते अंतर रुग्णालयाच्या व्यवस्थेने तयार केलेलं आहे. श्वास अडकलाय हे सगळ्यांत आधी जिला दिसतं, तिने त्यावर काय करायचं हे दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून असतं. माझं म्हणणं असं आहे की श्वासमार्ग, श्वसन आणि रक्ताभिसरण यांच्या बाबतीत पहिली कृती करण्याचा लेखी अधिकार वॉर्डातल्या परिचारिकेला हवा. त्यासाठी लागणारं सामान खाटेजवळ हवं. आणि श्वास मोजायला लागणारं एक मिनिट तिच्या शिफ्टमध्ये खरोखर असायला हवं.

या क्रमामागे घड्याळ आहे. श्वासमार्ग पूर्ण बंद झाला की फुप्फुसांत आणि रक्तात साठलेला ऑक्सिजन काही मिनिटंच पुरतो. मेंदूला ऑक्सिजन मिळायचा थांबला की ४ ते ६ मिनिटांत कायमची इजा सुरू होते. मार्ग मोकळा आहे पण श्वास अपुरा आहे, अशा वेळी हातात काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत अवधी असतो. रक्तस्राव असेल तर तो किती वेगाने होतोय त्यावर अवधी ठरतो. शिवाय प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. घसा बंद असताना तोंडावर मिनिटाला १५ लिटरचा ऑक्सिजन सोडला तरी तो फुप्फुसांपर्यंत पोचत नाही, आणि रक्तात ऑक्सिजनच नसेल तर बीपी सुधारून मेंदूला काय मिळणार?

इथे एक आक्षेप नेहमी येतो: आता तर क्रमच बदललाय, मग जुन्याचा आग्रह कशाला? पीटर सफार यांनी १९५०च्या दशकात बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा कसा बंद होतो आणि मान मागे करून हनुवटी उचलली की तो कसा उघडतो, हे दाखवून दिलं. १९६० साली कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाब देण्याची पद्धत मांडली. दोन्ही जोडून हा क्रम जगभर शिकवला जाऊ लागला. २०१० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने तो उलटवला आणि छातीवरचा दाब आधी आणला. पण तो बदल हृदय बंद पडलेल्या माणसासाठी आहे. त्याचं हृदय अचानक थांबलेलं असतं, रक्तात काही मिनिटांपुरता ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि अडलेलं असतं ते रक्ताचं फिरणं. वॉर्डात ज्याची नाडी लागतेय त्या रुग्णासाठी जुनाच क्रम लागू आहे. चिळकांडी उडणारा रक्तस्राव हा दुसरा अपवाद. तिथे आधी दाबून धरायचं, पट्टा आवळला असेल तर आवळल्याची वेळ लिहायची आणि मग घशाकडे वळायचं. दोन्ही अपवादांत निकष तोच आहे: आधी जीव कशाने जाईल?

आता त्या रकान्याकडे येऊ. कोणत्याही वॉर्डातले जुने चार्ट उघडून बघा. पल्स ७८, ९२, ११०, ८४ अशी वरखाली होते, बीपी बदलतं, ताप चढतो उतरतो, आणि श्वसनाच्या रकान्यात १८, २०, १८, १८, २०. न्यूमोनियाचा रुग्ण आणि हर्नियाच्या ऑपरेशनचा रुग्ण एकाच वेगाने श्वास घेताहेत असं ते चार्ट सांगतात. पल्स आणि बीपी यंत्र दाखवतं, ताप थर्मामीटर दाखवतो. श्वासासाठी मात्र साध्या वॉर्डात थांबावं लागतं, रुग्णाच्या छातीकडे बघत, हातात काही न करता, पूर्ण ६० सेकंद. आणि काही न करता उभी असलेली परिचारिका बघायची कुणाला सवय नाही.

मग १५ सेकंद मोजून चारने गुणायची सवय लागते. यात काय होतं ते पाहा. १५ सेकंदांत ५ श्वास मोजले तर उत्तर २०, म्हणजे नॉर्मल. ६ मोजले तर २४. मधले २१, २२, २३ हे आकडे या पद्धतीत येऊच शकत नाहीत. प्रत्यक्षात २२ वेगाने श्वास घेणारा रुग्ण तुम्ही कोणत्या क्षणी मोजायला सुरुवात केली यावर कधी निरोगी ठरतो, कधी आजारी. श्वास अनियमित असेल, मधेच थांबून पुन्हा सुरू होत असेल, तर ते १५ सेकंदांत दिसणारही नाही. रुग्णाला 'तुमचा श्वास मोजते' असं सांगू नये, कारण सांगितलं की तो बदलतो. मनगटावर पल्ससाठी बोटं ठेवलेली असतानाच नजर छातीवर न्यावी. पांघरूण जाड असेल तर ते कमरेपर्यंत खाली घ्यावं.

एवढा आग्रह का? शरीर बिघडायला लागलं की श्वास बहुधा सगळ्यांत आधी बोलतो. रक्तात आम्ल वाढलं, कार्बन डायऑक्साइड वाढला, ऑक्सिजन कमी झाला, की मेंदूतलं श्वसनकेंद्र वेग वाढवतं. जंतुसंसर्ग रक्तात पसरतोय, फुप्फुसात गुठळी अडकलीये, मधुमेहात रक्त आम्लधर्मी झालंय, पोटात आत कुठे रक्त साचतंय: या सगळ्यांत श्वासाचा वेग वाढतो, आणि तो वाढल्यामुळेच बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन काही काळ ठीक दिसत राहतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वॉर्डात हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांचे कागद तपासले गेले. त्यांतल्या ५४ जणांच्या बाबतीत आधीच्या ८ तासांत बिघाडाची किंवा नव्या तक्रारीची नोंद होती. म्हणजे कुणीतरी बघितलं होतं, कागदावरही आलं होतं.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली काढलेली आणि २०१७ साली सुधारलेली, रुग्ण किती बिघडलाय ते गुणांत सांगणारी पद्धत घेऊ; गुण जितके जास्त तितका धोका जास्त. तिच्यात श्वसन १२ ते २० ला शून्य गुण, २१ ते २४ ला २ आणि २५ किंवा जास्त किंवा ८ आणि त्याहून कमी असेल तर थेट ३ गुण. समजा पोटाच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस आहे. रुग्णाला नाकातून २ लिटर ऑक्सिजन आहे, त्याचे २ गुण. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९५ टक्के, त्याचा १ गुण. पल्स ८८, बीपी ११८/७०, ताप ३७.८ सेल्सिअस, रुग्ण पूर्ण जागा, या सगळ्यांचे शून्य. श्वसनाच्या रकान्यात सवयीने १८ लिहिलं तर बेरीज ३. पुढची नोंद ४ ते ६ तासांनी, डॉक्टरांना फोन नाही. प्रत्यक्ष मोजून २४ आले तर बेरीज ५. आता तासातासाला नोंद आणि डॉक्टरांनी तातडीने येऊन बघणं भाग आहे. रुग्ण तोच, रात्र तीच. न मोजलेल्या एका आकड्याने त्याच्या उपचाराचे पाच तास जातात.

मोजणं हा झाला दुसरा टप्पा. पहिला टप्पा, श्वासमार्ग, कानाने कळतो. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडतेय. गुळगुळ आवाज म्हणजे घशात स्राव, रक्त किंवा उलटी आहे. श्वास आत घेताना चिरका, शिट्टीसारखा आवाज म्हणजे स्वरयंत्राच्या पातळीवर जागा अरुंद झालीये. सगळ्यांत वाईट म्हणजे शांतता: छाती आत ओढली जातेय, पोट वर येतंय, दोन्ही उलटसुलट हलताहेत आणि नाकाशी हवा जाणवत नाही. घसा पूर्ण बंद झालाय. नवख्या नजरेला ही हालचाल श्वास घेतल्यासारखीच दिसते, म्हणून हाताची मागची बाजू नाकातोंडाशी धरून हवा लागतेय का ते बघायला शिकवलंच पाहिजे.

ऑपरेशननंतर मॉर्फिनवर असलेला रुग्ण रात्री घोरतोय. नातेवाईक म्हणतात, किती दिवसांनी शांत झोप लागली, उठवू नका. परिचारिकेच्याही मनात तेच येतं. अशा वेळी आधी हाक मारावी, खांद्याला हलवावं. डोळे उघडून नीट उत्तर दिलं तर झोप होती. डोळे अर्धवट उघडून वाक्याच्या मध्येच पुन्हा मिटले तर ते औषधाचं गुंगवणं आहे, आणि मॉर्फिनमध्ये हे गुंगवणं बहुधा श्वासाचा वेग पडण्याच्या आधी येतं. वेग ८ वर आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा इथेच मॉर्फिनचा पंप थांबवायचा, हनुवटी उचलायची, ऑक्सिजन द्यायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. मॉर्फिनचा असर उतरवणाऱ्या नॅलॉक्सोनची ०.४ मिलिग्रॅमची एक अँप्यूल १० मिलि सलाईनमध्ये मिसळून एकेक मिलि देत गेलं तर श्वास परततो आणि वेदनाशमनही पूर्ण जात नाही. सगळी अँप्यूल एकदम दिली तर रुग्ण वेदनेने ओरडत उठतो. आणि नॅलॉक्सोनचा असर मॉर्फिनच्या आधी ओसरतो, साधारण ३० ते ९० मिनिटांत. म्हणून रुग्ण जागा झाला की काम संपलं असं समजून पुढच्या खाटेकडे गेलं तर तासाभराने तो पुन्हा त्याच अवस्थेत सापडतो.

जीभ मागे पडू नये म्हणून तोंडातून घालायच्या नळीचं, एअरवेचंही तसंच. माप ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत. लहान घेतला तर तो जिभेलाच मागे ढकलतो, मोठा घेतला तर स्वरयंत्रावरची झडप दाबतो. रुग्णाला उबळ येत असेल तर तो घालायचाच नाही, उलटी होऊन परिस्थिती आणखी बिघडेल. ट्रॉलीत एकच माप शिल्लक असेल तर परिचारिका ते वापरणार, म्हणून ट्रॉली तपासणं हे श्वासमार्ग वाचवण्याचंच काम आहे.

सक्शनमध्ये, म्हणजे स्राव यंत्राने ओढून काढताना, सगळ्यांत जास्त चूक होते ती वेळेची. श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबमधून सक्शन करताना कॅथेटर, म्हणजे ओढायची बारीक नळी, ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको. ८ नंबरच्या, म्हणजे आतून ८ मिमीच्या ट्यूबला १२ फ्रेंच, म्हणजे ४ मिमी जाडीचं कॅथेटर बसतं. दाब ८० ते १२० मिमी पारा, स्राव घट्ट असेल तर १५० पर्यंत. आधी जास्तीचा ऑक्सिजन द्यायचा, कॅथेटर आत जाताना दाब बंद ठेवायचा, बाहेर काढताना सुरू करायचा, आणि सगळं १० ते १५ सेकंदांत उरकायचं. एक जुनी युक्ती अजूनही उपयोगी आहे: कॅथेटर आत घालताना आपलाही श्वास रोखायचा. आपला जीव कासावीस झाला की समजायचं, रुग्णाचा कधीचाच झालाय. जास्त वेळ ओढत राहिलं तर स्रावाबरोबर फुप्फुसातली हवाही निघून जाते, सॅच्युरेशन पडतं, आणि घशातली नस चाळवून हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात.

ऑक्सिजन देतानाही 'लावलाय' एवढ्यावर समाधान मानलं जातं. नाकातल्या नळीने मिनिटाला ६ लिटरच्या वर देऊन उपयोग नाही, नाक फक्त कोरडं पडतं. साधा मास्क ५ लिटरच्या खाली ठेवला तर रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत ओढतो, तरीही २ लिटरवर ठेवलेले मास्क वॉर्डावॉर्डांत दिसतात. पिशवीवाल्या मास्कला १० ते १५ लिटर लागतात, आणि तो चेहऱ्यावर लावण्याआधी झडप बोटाने दाबून पिशवी पूर्ण भरून घ्यायची असते. श्वास घेताना पिशवी पार चेपत असेल तर प्रवाह अपुरा आहे. चेपलेल्या पिशवीचा मास्क तोंडावर असलेला रुग्ण लांबून अगदी व्यवस्थित उपचार मिळत असल्यासारखा दिसतो.

मॉनिटर असताना परिचारिकेने कशाला मोजायचं, असं व्यवस्थापनाकडून विचारलं जातं. बोटावरचं यंत्र ऑक्सिजन दाखवतं, हवा आत-बाहेर किती होतेय ते नाही. मॉर्फिनवरच्या रुग्णाला ४ लिटर ऑक्सिजन चालू असेल तर श्वास ८ वर येऊनही सॅच्युरेशन ९७ राहू शकतं. आत कार्बन डायऑक्साइड चढत जातो आणि यंत्र हिरवंच राहतं. बोटं गार असतील, नखांना रंग असेल, त्याच हाताला बीपीचा पट्टा आवळला जात असेल, तर आकडा चुकतो किंवा गायब होतो. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. धुरात सापडलेल्या माणसात कार्बन मोनॉक्साइडलाच ऑक्सिजन समजून यंत्र ९९ दाखवतं. यंत्र हवंच, पण छातीकडे बघायला माणूसही हवा.

रक्ताभिसरणाबद्दल एकच गोष्ट ठासून सांगायची आहे: बीपी उशिरा पडतं. ६० किलोच्या माणसात साधारण ४.२ लिटर रक्त असतं. त्यातलं ३० टक्के, म्हणजे सव्वा लिटर जाईपर्यंत तरुण, धट्टाकट्टा माणूस वरचं बीपी बऱ्यापैकी टिकवून धरतो. रक्तवाहिन्या आवळून, ठोके वाढवून शरीर ते सांभाळतं आणि मग एकदम कोसळतं. त्याआधीच्या खुणा हाताला लागतात. नखावर ५ सेकंद दाबून सोडलं की २ सेकंदांत लाली परत यायला हवी. हातपाय गार, कातडी घामेजलेली, नाडी जलद, रुग्ण अस्वस्थ, कूस बदलत राहणारा. लघवी ताशी ३० मिलिच्या खाली. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद ठेवणारं औषध घेणाऱ्या रुग्णाची नाडी मात्र वाढणार नाही, हे लक्षात ठेवावं लागतं. ड्रेनमध्ये, म्हणजे ऑपरेशनच्या जागेतून रक्त बाहेर आणणाऱ्या नळीत, काही नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, नळीत गुठळी अडकली तरी ड्रेन कोराच राहतो. बाळंतिणीच्या बाबतीत तर अंगाखाली हात घालून बघितल्याशिवाय काही कळत नाही, रक्त पाठीखाली साचत जातं आणि वरची चादर स्वच्छ दिसते. शिरेतली सुई कोणती आहे तेही याच वेळी बघावं. निळ्या २२ नंबरमधून मिनिटाला साधारण ३५ मिलि जातात, राखाडी १६ नंबरमधून त्याच्या पाचपट. शिरा कोलमडल्यावर जाड सुई घालायला जाल तर ती मिळणार नाही. संशय आला तेव्हाच घालून ठेवायची.

हे सगळं परिचारिकेला करता येतं, तिला शिकवलेलं असतं. मग अडतं कुठे? रात्री सॅच्युरेशन ८६ वर आलेल्या रुग्णाला तिने ऑक्सिजन लावला तर सकाळी विचारणा होते, ऑर्डर नसताना का लावलास? ऑर्डरसाठी फोन लावत थांबली आणि रुग्ण बिघडला, तर विचारणा होते, फोन करत का बसलीस? दोन्ही बाजूंनी तिलाच उत्तर द्यावं लागतं. असं दोन-चारदा झालं की माणूस शहाणपणाने नोंद तेवढी करतो आणि कागद सुरक्षित ठेवतो. रुग्णापेक्षा केसपेपर आधी येतो तो इथे.

ऑक्सिजन हे औषध आहे, ते डॉक्टरांनीच लिहावं, हा आक्षेप अर्धा खरा आहे. जुनाट धूम्रपानाने फुप्फुसं खराब झालेल्या रुग्णाला बेसुमार ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड वाढून तो गुंगीत जाऊ शकतो. पण याचं उत्तर लक्ष्य लिहून ठेवणं हे आहे: बहुतेकांसाठी ९४ ते ९८, अशा रुग्णांसाठी ८८ ते ९२. भरती करतानाच डॉक्टरांनी हे लक्ष्य लिहावं आणि त्या मर्यादेत प्रवाह कमी-जास्त करायचा अधिकार परिचारिकेला असावा. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांत तर तातडीच्या वेळी ऑक्सिजन आधी द्यावा आणि नोंद नंतर करावी, असं स्पष्टच म्हटलंय. डॉक्टर यायला लागणारी १५ मिनिटं ऑक्सिजनशिवाय काढणं हे जास्त ऑक्सिजनपेक्षा घातक असतं.

मला अपेक्षित असलेली लेखी यादी एका पानात मावते. स्थिती बदलणं, हनुवटी उचलणं, सक्शन, एअरवे, लक्ष्याप्रमाणे ऑक्सिजन, श्वास अपुरा पडला तर हाताने दाबायच्या अँब्यू बॅगने दर ६ सेकंदांना एक श्वास, गुंगवणाऱ्या औषधाचा पंप थांबवणं, ठरलेल्या मात्रेत नॅलॉक्सोन, घशाला सूज आणणाऱ्या ॲलर्जीत मांडीच्या बाहेरच्या बाजूला ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन, शिरेत जाड सुई, रक्तातली साखर बघणं. प्रत्येकापुढे कोणत्या खुणेवर करायचं तेही लिहायचं. खाली वैद्यकीय प्रमुखांची सही, वर्षातून एकदा प्रत्यक्ष करून दाखवण्याची परीक्षा.

ट्रॅकिओस्टॉमीच्या, म्हणजे गळ्याला छिद्र करून श्वासासाठी नळी बसवलेल्या रुग्णाचं उदाहरण घ्या. श्वास घ्यायला धडपड सुरू झाली तर पहिली गोष्ट म्हणजे आतली नळी काढणं. वाळलेल्या स्रावाने तीच बुजलेली असते आणि ती काढताच अनेकदा श्वास मोकळा होतो. पाच सेकंदांचं काम. पण 'नळीला हात लावायचा नाही' अशी तंबी मिळालेली परिचारिका डॉक्टरांची वाट बघत बसते. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर मानेत रक्त साचलं तर त्याहून बिकट. ही घटना बहुधा पहिल्या २४ तासांत होते. मान फुगते, आवाज बदलतो, गिळता येत नाही, रुग्ण बसून राहतो. साचलेलं रक्त शिरांचा परतीचा मार्ग अडवतं, त्याने स्वरयंत्राला सूज येते, आणि मग तज्ज्ञालाही ट्यूब घालणं अवघड होतं. श्वास कोंडला असेल तर खाटेवरच टाके कापून जखम उघडायची असते. त्यासाठी कात्री, टाके आणि क्लिपा काढायचं साहित्य, आर्टरी फोर्सेप्स आणि गॉझ यांचा बंद डबा त्या रुग्णाच्या उशाशी हवा. मी तर म्हणेन, तो डबा नसेल तर रुग्णाला वॉर्डात ताब्यातच घेऊ नये.

अधिकाराचा दुसरा भाग म्हणजे हाक मारण्याचा. सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलमध्ये १९९० साली तातडीचं पथक सुरू झालं, आणि अशा पथकांना बोलावण्याच्या निकषांत आकड्यांच्या जोडीला 'कर्मचाऱ्याला रुग्णाबद्दल काळजी वाटते' हाही एक निकष आहे. आकडे बिघडण्याआधी अनुभवी नजरेला काहीतरी खुपतं, त्याला यात मान आहे. पण नुसतं पथक नेमून भागत नाही. २००५ साली २३ ऑस्ट्रेलियन रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीत पथकांमुळे ठोस फरक दिसला नाही, आणि त्यातच हेही दिसलं की निकषांत बसणाऱ्या कितीतरी रुग्णांसाठी हाक मारलीच गेली नव्हती. खोटी हाक मारली म्हणून जिथे बोलणी बसतात, तिथे खरी हाकही उशिरा येते.

फोनवर काय बोलायचं तेही शिकवावं. "सर, सात नंबर जरा बरा वाटत नाहीये" या वाक्याने कोणी उठत नाही. "सर, बेड सात, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. श्वास २८, ५ लिटरवर सॅच्युरेशन ९१, पल्स ११८, बीपी १००/६०. गुण १२ आहेत. ऑक्सिजन वाढवलाय, जाड सुई घातलीये. तुम्ही आत्ता यायला हवं. १० मिनिटांत जमणार नसेल तर मी मोठ्या सरांना फोन करते." शेवटचं वाक्य उद्धटपणा ठरू नये, ते रुग्णालयाच्या नियमात लिहिलेलं असावं, म्हणजे बोलणारीला धीर येतो आणि ऐकणाऱ्यालाही राग येत नाही.

राहिला मिनिटाचा प्रश्न. ३० रुग्णांचा नुसता श्वास पूर्ण मिनिट मोजायचा तर अर्धा तास लागतो. रात्री एकटी परिचारिका ३० खाटा सांभाळत असेल तर तिने १८ लिहिलं म्हणून तिला दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. दर परिचारिकेमागे शस्त्रक्रियेचा एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यात दिसली. कॅलिफोर्नियाने २००४ पासून परिचारिका आणि रुग्ण यांचं किमान प्रमाण कायद्यानेच ठरवलं. मनुष्यबळाची चर्चा पगार आणि रजांच्या अंगाने होते, ती श्वासाच्या अंगाने व्हायला हवी: या वॉर्डात प्रत्येक रुग्णाचा श्वास दर ४ तासांनी खरोखर मोजायला किती जणी लागतील, तो हिशेब आधी मांडावा आणि भरती त्यावरून ठरवावी.

तोवर आजच्या आहे त्या मनुष्यबळात एक गोष्ट लगेच बदलता येईल, ती म्हणजे ओव्हर देण्याची, म्हणजे शिफ्ट बदलताना पुढच्या परिचारिकेकडे रुग्ण सोपवण्याची जागा. काउंटरवर वही उघडून ओव्हर देण्याऐवजी खाटेजवळ द्यावा, आणि सुरुवात नावानंतर लगेच श्वासापासून व्हावी. दोघी मिळून रुग्णाशी एक वाक्य बोलायचं; तो पूर्ण वाक्यात उत्तर देतो की तीन शब्दांनंतर दम घेतो, ते बघायचं. एकीने मिनिटभर मोजायचं, तोवर दुसरीने सक्शन चालू करून नळीचं तोंड अंगठ्याने दाबायचं आणि काटा १२० पर्यंत चढतो का ते बघायचं. अँब्यू बॅगचं तोंड तळहाताने बंद करून ती दाबून बघायची, हवा कुठून निसटत असेल तर ती आत्ताच बदलून आणायची. सिलिंडरवर असेल तर तो किती भरलाय ते बघायचं. पाठीखाली हात घालायचा, ड्रेनची नळी बोटांनी चाचपायची, सुईची जागा बघायची. मोजलेला आकडा घड्याळातल्या वेळेसह लिहायचा, आणि मगच पुढच्या खाटेकडे जायचं.